गणपतीत सोसायटीसाठी ‘बिशी बाशी’सारखा तीन बटणांचा खेळ करायचाय, कोणी केलाय का?

प्राची_पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मागे ट्रेनिंगसाठी नागोयाला पाठवलं होतं, तेव्हा हॉस्टेलजवळच्या एका जुनाट गेम सेंटरमध्ये कोनामी या जपानी कंपनीचं ‘बिशी बाशी’ खेळायला मिळालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका मशीनपुढे तिघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात. प्रत्येकापुढे लाल, हिरवं, निळं अशी तीन बटणं, बस्स. जॉयस्टिक नाही, काही नाही. पडद्यावर काहीतरी वेडगळ काम येतं, काही सेकंदांत संपतं की लगेच दुसरं. सोड्याचा कॅन फुटेपर्यंत हलवा. बाकीच्यांच्या आधी जेवण संपवा. दोरीवरच्या उड्या मारा. आमच्यासोबत कॅन्टीन सांभाळणाऱ्या साठीच्या एक जपानी बाई आल्या होत्या. खांद्याची पर्स न उतरवता त्यांनी आम्हा सगळ्या इंजिनिअरांना धू धू धुतलं.

आता मुद्दा. आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी तेच ते: संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, एक दिवस पैठणीचा खेळ, आणि ऑर्केस्ट्रा आणायचा की नाही यावरून भांडण. मोबाइलवाली पोरं खाली उतरत नाहीत आणि आजी-आजोबा खुर्चीवरून उठत नाहीत. नातू आणि आजी एका रांगेत उभे राहून खेळतील असा मला तरी हा एकच खेळ दिसतोय. कमिटीने कसेबसे दहा हजार मंजूर केलेत, तेही ‘लॅपटॉप तुझा, टीव्ही तुझा’ या अटीवर.

हे मशीन आपल्याकडे कुठे मिळतं का? नसेल तर लॅपटॉप-टीव्हीवर काही जुगाड जमेल का? आणि ती मोठी बटणं नाशिकात कोण ठेवतं? एमजी रोडला विचारून आले, त्यांनी मला चमचमणारे गेमिंग कीबोर्ड दाखवले.

कॉलेजरोड_कट्टा

ताई, एवढा खटाटोप कशाला? सोसायटीत कोणाकडे तरी निन्टेन्डोचा स्विच, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, असेलच. मारिओ पार्टी लावा, चार जण खेळतात, विषय संपला.

प्राची_पाथर्डीफाटा

आहे ना स्विच, आमच्याच वरच्या मजल्यावर. पण सासूबाईंच्या हातात तो कंट्रोलर दिला की ‘यातलं कुठलं दाबू गं’ यातच त्यांची पाळी संपते. म्हणून तर तीन बटणांवर अडून बसलेय.

देवळाली_रेट्रो

मारिओ पार्टी वाईट नाही, पण तिची जात वेगळी. तिथे पटावर फिरायचं, फासा टाकायचा, मग मधे एक मिनीगेम. बिशी बाशीत पट-बिट काही नाही, नुसती मिनीगेमची सरबत्ती. आणि वयानेही तीच थोरली. पहिलं ‘बिशी बाशी चॅम्प’ आर्केडमध्ये १९९६ ला आलं, पहिली मारिओ पार्टी १९९८ ला. ‘सुपर’ आणि ‘हायपर’ बिशी बाशी १९९८ चे. मधल्या काळात ‘हँडल चॅम्प’ काढलं, त्यात बटणांच्या जागी स्टिअरिंग. १९९९ च्या ‘स्टेप चॅम्प’मध्ये तर पायाने खेळायचं. तेव्हा कोनामीच्या डोक्यात पायच शिरले होते, ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आदल्याच वर्षी येऊन गाजलं होतं. मालिका संपलेली नाही बरं का, २०१८ ला ‘बिशी बाशी चॅनल’ आलं.

घरी खेळायचं असेल तर पहिल्या प्लेस्टेशनवर ‘बिशी बाशी स्पेशल’ आहे. युरोपातली डिस्क २००० सालची, तिच्यात सुपर आणि हायपर दोन्ही एकत्र, आणि आठ जणांपर्यंत खेळता येतं. माझ्याकडे आहे, पण उधार मागू नका, भाऊजींनाही दिलेली नाही.

लॅपटॉपवर म्हणाल तर मेम हा एम्युलेटर आहे, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. मेम स्वतः कायदेशीर, २०१६ पासून मुक्त स्रोत. पण गेमच्या रॉम फायली, म्हणजे मशीनमधल्या मूळ खेळाच्या प्रती, कोनामीच्या मालकीच्या. नेटवरून उतरवलेली रॉम वर्गणीच्या पैशातल्या जाहीर कार्यक्रमात लावा असं मी तरी सांगणार नाही.

आणि काहीही ठरवा, एका कीबोर्डवर तिघांना बसवू नका. साध्या कीबोर्डात आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. काही ठरावीक कळा एकदम दाबल्या गेल्या की पुढची कळ त्याला कळतच नाही. मग ‘मी दाबलं होतं!’ यावरून सोसायटीत दोन गट पडतील आणि ते पुढच्या एजीएमपर्यंत टिकतील.

सातपूरचा_फिटर

प्राचीताई, राम राम. सातपूरला माझं पॅनल वायरिंगचं छोटं वर्कशॉप आहे. त्याआधी बरीच वर्षं गेम पार्लरची मशीनं दुरुस्त करण्यावरच घर चाललं. अजूनही नवरात्रात कालिकेच्या यात्रेत कुणाचं काही बंद पडलं की रात्री अकराला माझा फोन वाजतो. तुम्ही म्हणताय ते मशीन मी पोटातून पाहिलेलं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो. चहा घेऊन बसा.

मशीन मागवायचा विचार आधी डोक्यातून काढा. दहा हजारांत त्याचं भाडंसुद्धा सुटणार नाही, आणि आलं तरी डोक्याला ताप. एका गेम झोनवाल्याने (नाव घेत नाही) जपानातून सेकंडहँड माल मागवला होता, त्यात तीन जणांचं बिशी बाशी होतं. जपानात घरची वीज १०० व्होल्ट. मागे पाटीवर स्वच्छ लिहिलेलं असतं. पण माझी वाट कोण बघतो? त्याच्या माणसाने पिन बदलली आणि सरळ आपल्या २३० च्या सॉकेटात घातली. मी पोहोचलो तर पॉवर सप्लायचा कॅपॅसिटर फुटलेला, झाकणाला आतून त्याचे कपटे चिकटलेले आणि मॅनेजर मला विचारतोय, ‘वॉरंटीत बसेल का?’ स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला, नवा सप्लाय टाकला, १०० येनच्या नाण्याचा डबा काढून टोकनचा बसवला. चाललं बिचारं. माझी मजुरी अजून वाटेत आहे.

तर ते चालू झाल्यावर टेस्टिंगच्या नावाखाली मी पोटभर खेळलो आणि नंतर बाजूला स्टूल टाकून गिऱ्हाइकं खेळताना बघितली. आत भारी म्हणावं असं काही नाही. पहिल्या बिशी बाशीचा प्रोसेसर मोटोरोला ६८०००, १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये होता तोच. तुमच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटला लाजवेल इतकंही ते यंत्र हुशार नाही. मग माणसं का चिकटतात? बटणांमुळे. मोठी, घुमटाची, आतून उजळणारी. तळव्याने मारा, मुठीने मारा, एक काका तर कोपराने मारायचे. आणि गंमत म्हणजे खेळताना लोक अर्धा वेळ पडद्याकडे बघतच नाहीत, शेजाऱ्याच्या हाताकडे बघतात. तो जोरात बडवायला लागला की आपणही जोरात.

दुसरं, तिघं. तुमचा टीव्ही लहान म्हणून दोघांवर आणाल, तसं करू नका. दोघांत कुस्ती होते, हरलेला तोंड पाडून निघून जातो. तिघांत एक जण कायम मधला असतो. तो जिंकत नाही, पण शेवटचाही येत नाही, आणि ‘अरे, जमत होतं की!’ म्हणत तोच परत टोकन घालतो. गल्ला मोजायचं कामही माझ्याकडेच होतं, त्यामुळे हे छातीठोक सांगतो.

म्हणून माझं म्हणणं असं की पैसा आणि जीव टेबलावर लावा. खेळ आपण आपलेच करू, त्याकडे शेवटी येतो.

बटणं ऑनलाइन ‘१०० एमएम डोम आर्केड बटण’ असं शोधा, नऊ लागतील, दोन जास्तीची घ्या. वर प्लास्टिकचा घुमट, खाली स्प्रिंग, मधे आट्यांचा दांडा, त्याला प्लायच्या खालून नट, आणि तळाला पिळून बसवायचा होल्डर. होल्डरात मायक्रोस्विच आणि एलईडी. माल हातात आला की आधी एक होल्डर पिळून काढा आणि स्विचचे तीन पाय नीट बघा. कॉमन, एनओ (दाबल्यावर कॉमनला जुळतो), एनसी (न दाबताच जुळलेला असतो). आपल्याला कॉमन आणि एनओ. घाईत एनसीला तार गेली तर बटण न दाबता दाबलेलं दिसतं आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच एक जण जिंकलेला असतो. भोक किती एमएमचं हे जाहिरातीवर विसंबून ठरवू नका, दांडा व्हर्निअरने मोजा, तुम्ही क्वालिटीतल्या आहात, तुम्हाला काय सांगायचं.

स्वस्त बटणांची स्प्रिंग बऱ्याचदा फार कडक येते. पोरांना चालते, पण तुमचा सगळा खटाटोप आज्यांसाठी आहे. प्लायला भोकं पाडण्याआधी एक बटण सासूबाईंना दाबायला द्या. अंगठ्याने नाही, तळव्याने. चेहरा आवळला तर मऊ स्प्रिंग आणि हलका मायक्रोस्विच घाला. हे दोन्ही सुटे मिळतात.

टेबल १८ एमएम प्लायचं, ६ फूट बाय २ फूट. आठ बाय चारच्या एका शीटमधून टेबल निघून पायांनाही उरतं. दर खेळाडूला दोन फूट. घुमट चार इंचांचा, म्हणून केंद्र ते केंद्र साडेपाच इंच ठेवा, मुठी एकमेकींवर आदळत नाहीत. उंची अडीच फूट, बारक्यांना पाट द्या. खालून लांबीला दोन लाकडी पट्ट्या मारा, नाहीतर चौथ्या दिवशी प्लाय झोल खातो. टीव्ही या टेबलावर अजिबात ठेवायचा नाही. तिघं एकदम बडवायला लागले की तो चालत चालत कडेला येतो. पाहिलंय.

वीज. बटणांच्या तारांत ५ व्होल्ट आणि दिव्यांना १२, त्याने कुणाला काही होत नाही. भीती लॅपटॉपच्या चार्जरची आणि मंडपातल्या जोडवायरची. भाद्रपदात पाऊस कधी तिरपा येईल सांगता येत नाही. मंडपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे का ते कमिटीला विचारा. ‘आहे बहुतेक’ म्हणाले तर नाही असं समजा.

आता खेळ. बिशी बाशीत खेळ ढीगभर दिसतात, पण मुळात तीनच जाती. एक बडवण्याचा, जो जास्त वेळा दाबेल तो पुढे. दुसरा नेमक्या क्षणी दाबण्याचा. तिसरा दाखवलेला रंग नाहीतर क्रम तसाच दाबण्याचा. बडवण्यात पोरं जिंकतात. वेळ साधण्यात ज्यांचा हात कढईवर नाहीतर लेथवर बसलाय ती माणसं. क्रमात शांत डोक्याची. तिन्ही आलटून पालटून ठेवा. नुसतं बडवणं ठेवलंत तर दुसऱ्या संध्याकाळी टेबलापाशी फक्त जिमवाली पोरं उरतील.

आणि चित्र जितकं अचाट तितकं बरं. ‘लाल बटण पन्नास वेळा दाबा’ यात कुणाला हसू येईल? तेच सोड्याचा कॅन हलवायचाय आणि शेवटी तो फसकन उडणारे म्हटलं की आजोबाही दात-ओठ खातात. जपान्यांनी त्यांच्या रोजच्यातलं उचललं, आपण आपल्यातलं उचलू. मला सुचलेले सांगतो. मिसळ: वाटीत मटकी, रस्सा, फरसाण कुठल्या क्रमाने पडलं ते क्षणभर दिसेल, तसंच दाबायचं, चुकलं की तर्री शर्टावर. रहाड: रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो आपल्या जुन्या नाशकातला हौद, काठावर उभा माणूस मागेपुढे झुलतोय, नेमका पुढे झुकला की दाबायचं, पाणी जितकं उंच उडेल तितके गुण, हुकलं तर काठावरच आपटी. नाशिक ढोल: निव्वळ बडवणं, शेवटी ढोल फुटतो. मोदक: कळ्या पाडायच्या, त्याला लाल-हिरवं-निळं आळीपाळीने.

संगणकाचा भाग मला येत नाही. तिथे कुणीतरी पुढे या.

जेलरोड_निवांत

फिटरभाऊ, ढोल फुटेपर्यंत बडवणं रात्री दहाच्या आत उरका म्हणावं. स्पीकर दहाला बंद हा नियम मिनीगेमलाही लागू आहे.

इंदिरानगरच्या_बाई

मी शाळेत सहावी-सातवीला कॉम्प्युटर शिकवते. फिटरकाकांनी सांगितलेले चारही खेळ स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा) होतात, आणि सोसायटीतली पोरंच करतील. त्यांना खाली उतरवायचा याहून सोपा मार्ग नाही. चित्रं त्यांनाच काढू द्या, वहीच्या कागदावर स्केचपेनने, फोटो काढून टाकायचा. वाकडातिकडा आजोबा रहाडीत पडला की जास्त मजा येते.

पण दोन ठिकाणी पोरं हमखास अडतात, आधीच सांगून ठेवते.

बाजारात जे आर्केड बटणांचे तयार यूएसबी बोर्ड मिळतात, ते संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसतात. साध्या स्क्रॅचला जॉयस्टिक कळत नाही, त्याला कीबोर्डची कळ लागते. म्हणून आर्डुइनो घ्या, म्हणजे आपला प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, पण जुना ऊनो (आर३) नको. तो थेट कीबोर्ड बनत नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, त्यांत ३२यू४ चिप असते, ती यूएसबीवर सरळ कीबोर्ड असल्याचं सांगते. नऊ बटणांना पिना पुरून उरतात. प्रत्येक बटणाचा एनओ एकेका पिनेला, सगळ्यांचे कॉमन एकत्र करून ग्राउंडला, आणि कोडमध्ये पिन ‘इनपुट पुलअप’ ठेवायची. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत.

दुसरं जरा सूक्ष्म आहे. स्क्रॅचमधला ‘ही कळ दाबली की’ हा ठोकळा, कळ दाबून धरली तरी पुन्हा पुन्हा चालू होतो, कारण संगणक स्वतःच ती कळ परत परत पाठवत राहतो. आमच्या वर्गात धावण्याच्या शर्यतीचा खेळ केला होता. एक मुलगी बोट ठेवून निवांत बसली आणि पहिली आली. बाकीचे घामाघूम. तिला नियम कळला होता, बाकीच्यांना खेळ. यावर इलाज आर्डुइनोतच करायचा: बटण खाली गेलं की कळ एकदाच पाठवून लगेच सोडायची, ‘कीबोर्ड डॉट राइट’ नेमकं तेच करतं, आणि बटण वर आल्याशिवाय पुढची पाठवायची नाही. शिवाय मायक्रोस्विचची पत्ती बसताना बारीक थरथरते, त्यामुळे एका दाबाचे दोन मोजले जातात. पाच-दहा मिलिसेकंद थांबून परत वाचलं की फुकटचे गुण बंद.

टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असेल तर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही थोडा उशिरा दाखवतो. बडवण्यात कळत नाही, पण रहाडीच्या उडीत हमखास कळतं. बरोबर दाबलं तरी माणूस काठावर आपटतो आणि दोष पोरांच्या कोडला.

कोड माझ्याकडे तयार आहे, निरोप पाठवा.

प्राची_पाथर्डीफाटा

मंडळी, तुम्ही सगळे कुठे होतात इतके दिवस! बाई, निरोप पाठवलाय.

काल बटण आलं. आधी नमुन्याला एकच मागवलं होतं. काकांनी सांगितलं तसं सासूबाईंना दिलं. त्यांनी एकदा दाबलं, ‘कडक आहे गं’ म्हणाल्या. मग उलटं करून होल्डर स्वतःच पिळून काढला आणि स्प्रिंग काढून बघत बसल्या. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलंय त्यांनी. ही नको, पायट्याच्या मशीनला असते तसली दे, म्हणाल्या. आता मऊ स्प्रिंग शोधतेय.

सोसायटीतल्या सातवीतल्या दोघांना मिसळीचा खेळ सांगितला. त्यांनी लगेच भांडण काढलं की रस्सा आधी की फरसाण आधी. मी म्हटलं, खेळात दर वेळी क्रम बदलणार आहे. तर म्हणे, ‘काकू, पण फरसाण खाली टाकलेली मिसळ दाखवायचीच कशी?’ ते अजून मिटलेलं नाही.

कमिटीत एकच आक्षेप आला. ‘याला बक्षीस काय?’ कुपन ठेवायचं की ट्रॉफी?

सातपूरचा_फिटर

बक्षीस मोठं ठेवू नका. बक्षीस मोठं झालं की लोक नियम वाचतात. नियम वाचायला लागले की हसणं संपतं. जिंकणाऱ्याला एक मोदक, शेवटच्याला दोन.

पण चार गोष्टी टेबलावर चिकटवून ठेवा. हात मोकळाच हवा, हातात काही धरायचं नाही. कोनामीच्याच १९८३ च्या ‘हायपर ऑलिंपिक’मध्ये पळायला बटण बडवावं लागे, तर जपानी पोरांनी स्टीलची पट्टी आणली. तिचं एक टोक धरून ती बटणावर टणाटण उडवत ठेवायची, बोटांपेक्षा किती तरी जोरात. आपल्याकडची पोरं काही कमी नाहीत, कंपासपेटी घेऊनच येतील. अंगठ्या काढायला सांगा, घुमटाला चरे पडतात. आणि पैठणीच्या दिवशी हे खास लक्षात ठेवा: काचेच्या बांगड्या मनगटातून वर सरकवून रुमाल बांधायचा. आवेशात हात कडेला लागला की काच फुटते आणि ती बटणाच्या फटीत जाते. मग हातालाही लागतं आणि बटणही अडकतं.

देवळाली_रेट्रो

फिटरकाकांना दुजोरा. पहिल्या मारिओ पार्टीत कंट्रोलरची काठी गरागरा फिरवायचे काही खेळ होते. पोरांनी ती तळव्याने घासली आणि हाताला फोड आणले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रारी गेल्या आणि २००० साली निन्टेन्डोला अमेरिकेत हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. तेव्हा बडवण्याचा खेळ दहा सेकंदांपेक्षा लांब ठेवू नका.

आणि प्राचीताई, एक दिवस माझी डिस्क आणि प्लेस्टेशन घेऊन मी येतो. उधार देणार नाही म्हणालो होतो, स्वतः येणार नाही असं कुठे म्हटलं? पोरांना मूळ खेळ बघू द्या, म्हणजे चित्रं किती वेडी काढायला हरकत नाही ते त्यांना कळेल.

प्राची_पाथर्डीफाटा

नक्की या! जेवायलाच या. मिसळीच्या क्रमाचा निकालही तुम्हीच लावा.

काका, प्लाय उद्या कापायला टाकते. टीव्ही ४३ इंचांचा आहे, तिघांना पुरेल ना? टेबलापासून किती लांब ठेवू?

सातपूरचा_फिटर

पुरेल. टेबलाच्या पुढच्या कडेपासून पाच-सहा फूट, आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जरा वर, म्हणजे मागच्या बघ्यांनाही दिसतो. बघे टेबलाच्या मागे राहतील अशी दोरी बांधा, पुढून कुणी जाऊ देऊ नका. प्लाय कापणाऱ्याला कडा गोल करून द्यायला सांगा, नुसती सरळ कड मनगटाला लागते. भोकं त्याच्याकडून पाडून घेऊ नका. गोल भोकं पाडायची होल-सॉ माझ्याकडे आहे, शीट कापून झाली की सातपूरला घेऊन या, येताना सासूबाईंनी पसंत केलेली स्प्रिंगही आणा.